प्रतिकारशक्ती वाढवायची नाही, मनू

प्रिय मनू,

परवा रात्री तू चूर्णाच्या डब्याचा फोटो पाठवलास. डब्यावर ठळक अक्षरांत ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असं छापलेलं आणि खाली तुझा प्रश्न : ‘मावशी, चिऊला घरी आणलंय, आता हे सुरू करू का? सासूबाई म्हणतात, पोरीची इम्युनिटी कमी पडली म्हणून हे सगळं झालं.’ मी फोनवर नुसतं ‘नको’ म्हटलं आणि तू जरा हिरमुसलीस. त्या ‘नको’मागचं कारण व्हॉट्सॲपच्या दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. तुला विचारूनच ते छापायलाही देते आहे. चिऊच्या वॉर्डात याच आजाराची आणखी मुलं होती ना? त्यांच्या आयांच्या हातीही कुणीतरी असलाच डबा आणून ठेवला असणार.

पहिली गोष्ट म्हणजे चिऊची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नव्हती. तिच्यातल्या एका भागाला आवर घालणारं कुणी उरलं नव्हतं. त्या भागाचं नाव कॉम्प्लिमेंट. रक्तात विरघळलेल्या तीसेक प्रथिनांचं हे कुटुंब आहे, आणि ते आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. लस टोचावी लागत नाही, आजाराची आधी ओळख असावी लागत नाही. शाळेत शिकवतात ते सैनिकांचं चित्र इथे कामाचं नाही, कारण ही प्रथिनं कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत.

शोध जुना आहे. १८९०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे नावाच्या बेल्जियन माणसाच्या लक्षात आलं, की लस दिलेल्या प्राण्याचं सीरम ५५-५६ अंशांवर तापवलं की त्याची जंतू मारायची ताकद जाते. आणि लस न दिलेल्या प्राण्याचं ताजं सीरम थोडंसं घातलं की ती परत येते. म्हणजे अँटिबॉडी उष्णता सोसते, पण तिच्या जोडीला काम करणारं, सगळ्यांच्याच रक्तात असणारं दुसरं काहीतरी ती सोसत नाही. त्याला १९१९चं नोबेल मिळालं. आमच्या लॅबमध्ये व्हीडीआरएल ही तपासणी लावायच्या आधी सीरम अर्धा तास ५६ अंशांच्या वॉटरबाथमध्ये ठेवायचो, ते हेच कॉम्प्लिमेंट मारण्यासाठी. कित्येक वर्षं मी ते सवयीनं केलं. त्या अर्ध्या तासात आपण काय मारतोय याचा विचार फार क्वचित केला असेल.

या कुटुंबातलं कर्तं प्रथिन म्हणजे सी-३. बहुतेक लिव्हरमध्ये तयार होतं आणि रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण एक मिलिग्रॅम असतं. रक्तातल्या प्रथिनांच्या मानानं हे भरपूर झालं. सी-३च्या पोटात एक ताणलेला रासायनिक बंध दडवलेला असतो. प्रथिनाचा एक छोटा तुकडा कापला गेला की उरलेला मोठा भाग, सी-३बी, उलगडतो, तो बंध उघडा पडतो आणि सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळात समोर जे येईल त्याला कायमचा चिकटतो. जंतूची भिंत आली तर तिला, आपल्याच रक्तवाहिनीचं अस्तर आलं तर त्याला, काहीच सापडलं नाही तर पाण्याला. मनू, हे वाक्य पुन्हा वाच. आपलं कोण आणि परकं कोण, हे सी-३बीला कळत नाही. कळण्याचं कुठलं साधनच त्याच्याजवळ नाही.

आणि हे चिकटणं काही जंतू शिरल्यावर सुरू होत नाही. सी-३चे काही रेणू आपोआप, कारण नसताना, पाण्याशी संयोग पावून जागे होतच असतात. तुझ्यात, माझ्यात, झोपेत, जेवताना. चिकटलेल्या सी-३बीवर फॅक्टर बी येऊन बसतं, फॅक्टर डी त्याला कापतं, आणि तयार होते एक कात्री, जी आणखी सी-३ कापते. त्यातून आणखी सी-३बी, त्यावर आणखी कात्र्या. एकाचे अनेक आणि अनेकांचे असंख्य व्हायला मिनिटं पुरतात. दर दीडेक मिनिटांत निम्म्या कात्र्या मोडून पडतात हे खरं, पण प्रॉपर्डिन नावाचं प्रथिन त्यांना आधार देऊन जास्त टिकवतं. (हे प्रॉपर्डिन १९५४ मध्ये क्लीव्हलँडच्या लुई पिलेमरनं शोधलं. अँटिबॉडीशिवाय कॉम्प्लिमेंट सुरू होऊ शकतं, हे त्याचं म्हणणं त्या वेळच्या मोठ्या लोकांना पटलं नाही. १९५७ मध्ये तो गेला, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं हे नंतर सर्वांनी मान्य केलं.)

मग आपण जिवंत कसे? जंतूवर जे भराभर वाढतं, ते आपल्या पेशींवर का वाढत नाही?

मंद गॅसवर दूध ठेवलंय आणि कुणीतरी सतत शेगडीजवळ उभं आहे, असं समज. आच कधीच पूर्ण बंद होत नाही, पण उतूही जात नाही, कारण ते माणूस हललेलं नाही. रक्तात हे काम फॅक्टर एच करतं. लांबुडकं, लवचीक प्रथिन. वीस मणी एका दोऱ्यात ओवावेत तसे त्याचे वीस भाग, प्रत्येक साधारण साठ अमिनो आम्लांचा. १९६५ मध्ये नील्सन आणि म्युलर-एबरहार्ड यांनी ते रक्तातून वेगळं काढलं, तेव्हा ते नेमकं काय करतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

फॅक्टर एचची रचना मला फार आवडते. पहिले चार भाग काम करतात : कात्रीतला फॅक्टर बीचा तुकडा उपटून काढतात आणि सी-३बीला घट्ट धरून ठेवतात, म्हणजे फॅक्टर आय नावाचं दुसरं प्रथिन येऊन त्याला छाटू शकेल. फॅक्टर आय एकटं आलं तर त्याला काहीच करता येत नाही. कुणीतरी धरून द्यावं लागतं. छाटलेल्या सी-३बीवर पुन्हा कात्री बनत नाही. शेवटचे दोन भाग, एकोणिसावा आणि विसावा, ओळख पटवतात. आपल्या पेशींच्या अंगावर सियालिक आम्ल आणि हेपॅरिनसारख्या शर्करांचा थर असतो. बहुतेक जंतूंच्या अंगावर तो नसतो. फॅक्टर एचची शेपटी त्या थरावर बसते. म्हणजे सी-३बी सगळीकडे सारखंच चिकटतं, पण जिथे हा थर आहे तिथे त्याच्यामागोमाग फॅक्टर एच पोचतं आणि पुढचं थांबतं. जिथे थर नाही, तिथे थांबवायला कुणीच येत नाही. शरीर परक्याला हुडकून मारतं असं आपण म्हणतो. कॉम्प्लिमेंटच्या बाबतीत ते सगळ्यांवरच हात टाकतं आणि फक्त आपल्यांना सोडवून आणतं.

आता सासूबाईंना सांगण्यासारखी एक गोष्ट. १९७० साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी एका माणसाची हकीकत प्रसिद्ध केली. लहानपणापासून त्याला सारखे गंभीर जंतुसंसर्ग व्हायचे. प्रतिकारशक्ती कमी, हे उघडच होतं. रक्तात सी-३ जवळजवळ शिल्लकच नव्हतं. पण तो सी-३ बनवत नव्हता असं नाही. बनलेलं सगळं पेटून संपत होतं, कारण त्याच्याकडे फॅक्टर आय नव्हतं. आवर घालणारं प्रथिन नाही म्हणून हल्ला करणारं प्रथिन उरत नाही, आणि म्हणून जंतू माजतात. अशा माणसाची ‘इम्युनिटी वाढवायला’ निघणारा काय वाढवणार?

फॅक्टर एच आणि आय रक्तात फिरतात. त्याशिवाय प्रत्येक पेशी आपल्या अंगावरही रखवालदार बाळगते. सीडी-५५ कात्र्या मोडतं. सीडी-४६ सी-३बीला धरून छाटायला देतं. सीडी-५९ अगदी शेवटच्या पायरीवर उभं असतं, जिथे सी-५ ते सी-९ मिळून पेशीच्या आवरणात भोक पाडतात, आणि सी-९च्या साखळीला पुढे जुळू देत नाही. तांबड्या पेशींना सीडी-४६ नसतं, म्हणून त्यांची सारी भिस्त ५५ आणि ५९वर. हे दोघे आवरणात एका चरबीच्या नांगरानं अडकवलेले असतात. काही मोठ्या माणसांत अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत हा नांगर बनवणारा जीन बिघडतो, आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या तांबड्या पेशी उघड्या पडतात. सकाळी लघवी चहाच्या रंगाची होते. आजाराचं नाव लांबलचक आहे, आम्ही पीएनएच म्हणतो. चिऊला तो नाही, पण त्यानं डॉक्टरांना या रखवालदारांची किंमत पटवली, म्हणून त्याचा उल्लेख.

चिऊकडे येते. ॲडमिट केलं त्या दिवशीच्या तिच्या स्लाइडचे फोटो तू मला पाठवले होतेस. तेव्हा तुला फार काही बोलले नाही. लिशमन स्टेन केलेल्या स्मिअरवर निरोगी तांबड्या पेशी गोल, मधे फिकट, एकसारख्या पसरलेल्या दिसतात. चिऊच्या फोटोत शिरस्त्राणासारख्या अर्धवट, त्रिकोणी, शिंगं फुटलेल्या पेशी होत्या आणि प्लेटलेट्स जवळजवळ दिसतच नव्हत्या. पेशी अशा फाटतात कधी? किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं, त्यावर प्लेटलेट्स गोळा होऊन बारीक गुठळ्या होतात, आणि वाहतं रक्त त्या गुठळ्यांमधून दामटून जाताना तांबड्या पेशी चिरल्या जातात. लघवी कमी होणं, क्रिएटिनिन चढणं, चेहरा सुजणं, ब्लडप्रेशर वाढणं ही सगळी त्याचीच पुढची पावलं. याला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. एका विशिष्ट ई. कोलाय जंतूच्या विषानं होतो तो नेहमीचा. चिऊचा तो नाही, म्हणून तिच्या कागदावर पुढे ‘एटिपिकल’ लिहिलंय. त्याच कागदावर सी-३ कमी आणि सी-४ नॉर्मल आहे बघ. म्हणजे आग अँटिबॉडीच्या वाटेनं लागलेली नाही. मी वर सांगितलं त्या आपोआप चालणाऱ्या वाटेवर भडकलेली आहे.

१९९८ मध्ये न्यूकॅसलच्या गटानं काही कुटुंबांत या आजाराचं मूळ फॅक्टर एचच्या जीनमध्ये आहे हे दाखवलं. चिऊचा तो जीन ठीक आहे. तिचं भांडण वेगळं. तिच्या शरीरानं फॅक्टर एचविरुद्धच अँटिबॉडी तयार केल्या, आणि त्या बहुतांशी नेमक्या त्या शेपटीला, ओळख पटवणाऱ्या शेवटच्या दोन भागांना, जाऊन चिकटतात. म्हणून तू गोंधळलीस : ‘फॅक्टर एच तर रिपोर्टमध्ये नॉर्मल आहे, मग?’ नॉर्मल असू शकतं. रक्तात प्रथिन भरपूर आहे, त्याचे काम करणारे भागही शाबूत आहेत, पण शेपटी झाकली गेल्यामुळे ते पेशीवर बसू शकत नाही. मोजणाऱ्या यंत्राला प्रमाण दिसतं, ते कुठे बसतंय हे दिसत नाही.

हा प्रकार प्रथम २००५ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी नोंदवला : ४८ मुलांपैकी तिघांत. त्यामुळे युरोपात तो थोड्यांचा आजार मानला गेला. पण दिल्लीच्या एम्समध्ये अरविंद बग्गा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातून आलेले नमुने तपासले, तेव्हा या गटातल्या निम्म्याहून जास्त मुलांत ह्या अँटिबॉडी निघाल्या. आपल्याकडे इतक्या का, हा प्रश्न मला पुस्तकातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. यातल्या बहुसंख्य मुलांत फॅक्टर एचच्या शेजारचे, त्याच्याशी साम्य असलेले दोन जीन, सीएफएचआर-३ आणि सीएफएचआर-१, आईकडूनही आलेले नसतात आणि बापाकडूनही. यातल्या दुसऱ्या जीनपासून बनणाऱ्या प्रथिनाची शेपटी फॅक्टर एचच्या शेपटीसारखीच, जवळजवळ हुबेहूब. ते मुळातच नसल्यामुळे शरीराची कुठेतरी गफलत होत असावी, असा अंदाज आहे. पण हे जीन नसलेली कितीतरी माणसं ठणठणीत आयुष्य काढतात. बहुतेकदा एखादा साधा ताप किंवा जुलाब निमित्त होतो.

म्हणून त्या रविवारी खाल्लेल्या पाणीपुरीवरून जावईबापूंना बोलणं बंद करा सगळ्यांनी. आणि तूही स्वतःला. तुम्हा दोघांकडे या जीनची एकेक प्रत कमी असावी, कुणाला ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तरी कुणी काही केलं नसतं.

तिच्या मानेतल्या त्या जाड नळीनं तू घाबरली होतीस. त्या नळीतून तिचं रक्त बाहेर काढून त्यातला द्रव वेगळा केला जात होता, अँटिबॉडींसकट. आणि त्या जागी रक्तपेढीतल्या पिवळट पिशव्यांमधलं ताजं गोठवलेलं प्लाझ्मा जात होतं, ज्यात अनोळखी माणसांचं उघड्या शेपटीचं फॅक्टर एच होतं. डॉक्टरांनी अँटिबॉडीचं सॅम्पल प्लाझ्मा बदलायच्या आधीच काढून ठेवलं, याबद्दल मी त्यांना मनातून शंभर मार्क दिले. नंतर काढलं असतं तर काही कळलं नसतं. आता चालू आहेत त्या स्टिरॉइडच्या आणि दुसऱ्या गोळ्या नव्या अँटिबॉडी बनू नयेत म्हणून आहेत. म्हणजे बघ, एका हाताने प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आणि दुसऱ्या हाताने ती वाढवणारा डबा! त्या चूर्णानं कॉम्प्लिमेंट वाढतं असं मी म्हणत नाही. बहुधा त्यानं काहीच वाढत नसेल. पण नुकत्या सावरणाऱ्या किडनीवर, घटक धड न छापलेली कुठलीही पूड मी टाकू देणार नाही.

या प्रथिनांची खरी पारख कुणाला असेल तर जंतूंना आणि विषाणूंना. १९८८ मध्ये गिरीश कोटवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी दाखवलं, की देवीच्या लशीतला व्हॅक्सिनिया विषाणू आपल्या नियंत्रक प्रथिनांसारखं एक प्रथिन स्वतः बनवतो आणि बाहेर सोडतो. कॉम्प्लिमेंटला वाटतं, इथे आवर घालायचाय. खुद्द देवीच्या विषाणूचं तसलंच प्रथिन त्याच्याहून फक्त अकरा अमिनो आम्लांनी वेगळं, पण माणसाच्या कॉम्प्लिमेंटवर कितीतरी पटींनी जास्त चालणारं. पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अरविंद साहू यांच्या गटानं याच विषयावर वर्षानुवर्षं काम केलं : त्या अकरांतले कुठले मोजके बदल पुरेसे आहेत, विषाणूचं प्रथिन सी-३बीला नेमकं कुठे धरतं. हेच साहू १९९६ मध्ये अमेरिकेत जॉन लॅम्ब्रिस यांच्या प्रयोगशाळेत होते, तेव्हा त्यांनी असंख्य यदृच्छ पेप्टाइडांमधून सी-३ला धरून त्याला कापूच न देणारं तेरा अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड वेचून काढलं, कॉम्पस्टॅटिन. त्याच्यापासून बनलेलं औषध २०२१ मध्ये अमेरिकेत पीएनएचसाठी आणि २०२३ मध्ये म्हातारपणी दृष्टिपटल झिजण्याच्या एका आजारासाठी मंजूर झालं. हा डोळ्यांचा आजार फॅक्टर एचशी जोडलेला आहे, हे २००५ मध्येच कळलं होतं : चारशे दोनाव्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं, एवढ्यानं धोका वाढतो. तुझ्या आजीची नजर अशीच मधोमध गेली होती. तेव्हा आम्ही ‘वयानं’ म्हणून सोडून दिलं.

मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस तर आणखी धूर्त. तो स्वतः काही बनवत बसत नाही, आपलंच फॅक्टर एच पकडून अंगावर पांघरतो. ज्या प्रथिनानं तो हे पकडतो, तेच आता त्याच्या एका प्रकाराविरुद्धच्या लशींत वापरलं आहे.

तू विचारलं होतंस त्या महागड्या इंजेक्शनबद्दल, एक्युलिझुमॅब. ते सी-५ला अडवतं, म्हणजे भोक पाडणारी शेवटची पायरीच होऊ देत नाही. २००७ मध्ये पीएनएचसाठी आणि २०११ मध्ये चिऊच्या गटातल्या आजारासाठी ते अमेरिकेत मंजूर झालं. तेव्हा ते जगातल्या सर्वांत महाग औषधांपैकी एक होतं. ते घेणाऱ्यांना मेनिंगोकोकसचा धोका हजार-दोन हजार पटींनी वाढतो, कारण त्या जंतूला मारायला तीच शेवटची पायरी लागते. चिऊच्या बाबतीत ते मिळालं नाही म्हणून हळहळू नकोस. अँटिबॉडीमुळे झालेल्या आजारात वेळेवर प्लाझ्मा बदलणं आणि अँटिबॉडी दाबणाऱ्या गोळ्या यांनी चांगलं यश येतं, हे आपल्याच देशातल्या मुलांवरून सिद्ध झालंय.

आता कामाचं बोलते. आजार उलटण्याची शक्यता पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त, म्हणून अँटिबॉडीची पातळी आणि सी-३ डॉक्टर सांगतील त्या तारखेला करायचंच, ‘बरी दिसतेय’ म्हणून पुढे ढकलायचं नाही. ताप, उलटी, जुलाब काहीही झालं की त्याच दिवशी लघवीची तपासणी आणि सीबीसी. चेहरा पिवळट किंवा सुजलेला वाटला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. या गोळ्या चालू असताना जिवंत लशी द्यायच्या नसतात; शाळेत लसीकरणाचं शिबिर असलं तर आधी किडनीच्या डॉक्टरांना फोन कर, आणि मेनिंगोकोकस-न्यूमोकोकसच्या लशींचं त्यांनाच विचार. स्टिरॉइड आपल्या मनानं एक दिवसही बंद करायचं नाही, गाल कितीही फुगले तरी. डबा सासूबाईंना परत देताना माझं नाव सांग, वाईटपणा माझ्यावर येऊ दे. आणि सोमवारचा सी-३चा रिपोर्ट आला की आकड्याशेजारची नॉर्मल रेंजही फोटोत येईल असा काढून पाठव. मागच्या वेळी अर्धा कागद कापला गेला होता.

तुझी,
मावशी